विहिरीचं बूड

डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा घराला दारं होती, खिडक्या होत्या, वर मंगलोरी कौलं होती, पाणी नव्हतं. प्लॉट घेताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्टेशनपासून चालत किती मिनिटं लागतात याची चौकशी हातात घड्याळ धरून केली होती. पाण्याची केली नव्हती. त्यांचं गाव माणदेशातलं. तिथल्या घरच्या विहिरीची खोली सात परस होती. एक उभा माणूस म्हणजे एक परस. सात माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी केली तर सातव्याचं डोकं काठाला लागेल आणि तळाच्याचे पाय घोटाभर पाण्यात असतील. अशा गावात वाढलेल्या माणसाला पाणी ही कुणाला विचारायची गोष्ट वाटत नाही, खाली जाऊन आणायची वाटते. ‘पाणी नसतं असं होत नाही, आपण तिथवर पोचलेलो नसतो,’ हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की बरीच वर्षं मला ते शाळेच्या पुस्तकातलंच आहे असं वाटायचं.

गिरगावातल्या आमच्या एका खोलीला गॅलरीच्या टोकाचा नळ होता. सकाळी तासभर भांडण आणि मग दिवसभराचं पाणी. डोंबिवलीला भांडण नव्हतं, पण गावची विहीर आमच्या घरापासून आंब्याची दोन झाडं, एक ओढा आणि लांबलचक बांध ओलांडून होती. धाकट्या बहिणीच्या वेळी आईची कंबर धरली होती, ती कायमची. तिला हंडा उचलवत नसे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर माझी शाळा थांबली. ‘बंद’ हा शब्द कुणी वापरला नाही. अण्णा म्हणाले, ‘शकू, आपली विहीर झाली की जूनमध्ये पुन्हा शाळा. तोवर पाण्याचं तू बघ.’ मी तेरा वर्षांची होते आणि वर्गात तिसरी आले होते. धाकट्या भावाची शाळा चालूच होती. त्याच्या बाबतीत असा प्रश्न निघण्याचं कारणच नव्हतं. मी रडलेबिडले नाही. रडून हंडा हलका होत नाही. मी फक्त जून किती लांब आहे ते मोजलं आणि विहिरीचं काम कधी सुरू होतंय ते रोज संध्याकाळी अण्णांना विचारू लागले. सुरू व्हायला चैत्र उजाडला.

गावच्या विहिरीवर माझी ओळख झाली जानकीबायशी. ती आमच्या कुंपणाला लागून राहायची. आमचा प्लॉट पूर्वी तिच्या दिराच्या भातशेताचा तुकडा होता. नवरा वारलेला, दोन सुना घरात, आणि स्वतः जन्मभर मिठागरात राबलेली. मिठाने तिच्या पायांची कातडी अशी झाली होती की काट्यावर पाय पडला तर काटाच मोडेल. तिच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ व्हायचा. पहिल्या दिवशी मी दोर ओढताना बघून ती म्हणाली, ‘काय गो, बामनाची का परभाची?’ मी म्हटलं, ‘मराठ्याची.’ ‘मंग अशी काय वरतंस, घराल्यावानी लटकून? हाताने नाय, कंबरंनं वर.’ ‘वर’ म्हणजे ओढ आणि ‘घराल्या’ म्हणजे घड्याळ, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. दोर कंबरेने ओढायला मी तिच्याकडे शिकले, आणि दोन हंडे डोक्यावर नि एक कळशी कमरेवर घेऊन बांधावरून चालायलाही. आजही जड काही उचलताना मी कंबर आधी वापरते. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांचं रडगाणं गातात, मी ऐकून घेते.

चैत्रात यल्लाप्पा आपली माणसं घेऊन आला. तो वडार, विहिरी खणणं हाच त्याच्या घरचा धंदा. पहिल्यांदा माती, मग पिवळा मुरूम. पहारीचा आवाज सकाळी कोरडा यायचा आणि दुपारपर्यंत खोल खोल जात मऊ व्हायचा. आई स्वयंपाकघरात बसून त्या आवाजावरून सांगायची, ‘आज हातभर गेले.’ अडीच परसांवर मुरूम ओला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी कमरेइतकं पाणी साठलं होतं. यल्लाप्पा पहिली ओंजळ स्वतः प्याला आणि दुसरी त्याने वर पाठवली. ते पाणी गोड होतं. आईने त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवली, आणि अशी शिजली की रवी लावावी लागली नाही. तीन दिवस आम्ही घरचं पाणी प्यालो. तीन दिवस मी बांधावर गेले नाही. शाळेच्या दप्तराला उंदराने कुरतडलं होतं ते मी शिवून ठेवलं.

चौथ्या दिवशी रविवार होता. अण्णा स्वतः दोराला धरून खाली उतरले, पाणी ढवळून बघितलं आणि वर येऊन म्हणाले, ‘यल्लाप्पा, अजून एक परस.’

यल्लाप्पा डोक्याचं फडकं सोडून परत बांधू लागला. त्याला काही नको असेल तर तो असं करायचा. ‘मालक, बस झालं की. खाली निळी चिकण हाय. घट हाय.’

‘चिकण फोडता येत नाही का तुला?’

‘फोडता यील. पन कशापायी? घरापुरतं पानी हाय.’

‘आत्ता आहे. वैशाखात बघ काय राहतं ते. आमच्याकडे कमरेइतक्या पाण्याला विहीर नाही म्हणत, डबकं म्हणतात.’

आईने आतून, ‘अहो, पुरेल की आपल्याला,’ एवढं म्हटलं. अण्णांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. त्यांना मी दोष देत नाही. ज्याने लहानपणी घोटाभर पाण्यासाठी सात परस खाली डोकावलं आहे, त्याला अडीच परसांवर थांब म्हणणं म्हणजे अर्ध्या जेवणातून उठ म्हणण्यासारखं आहे.

निळी चिकणमाती दीड हात जाड होती. वर आली तेव्हा लोण्याच्या गोळ्यासारखी दिसत होती, पण वाळल्यावर कुऱ्हाडीनेही फुटेना. अण्णांनी ती कुंपणापाशी रचून ठेवायला सांगितली, पुढे ओटा लिंपायला होईल म्हणून. तिच्याखाली काळी वाळू लागली आणि वाळूत शिंपले. पाटीभर शिंपले बघून अण्णा खूश झाले. ‘शिंपले! जिथे शिंपले तिथे पाणी.’ जानकीबाय कुंपणापलीकडून बघत होती. ती आत आली, एक शिंपला उचलून तिने नाकाशी धरला आणि टाकून दिला.

‘बूर फोरलाव तुमी,’ ती अण्णांना म्हणाली. ‘मरक्याचं बूर फोरलाव. ही चिकन व्हती म्हनून गोरं पानी वर थांबलेलं. खाली दर्या हाय.’

अण्णा तिच्याशी अदबीने वागायचे. ‘बाई, तुमचा दर्या म्हणजे खाडी, ती अर्ध्या कोसावर आहे. आमच्याकडे विहिरी अशाच खणतात.’

‘तुमच्याकरं दर्या नाय,’ ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी विहिरीत पुरुषभर पाणी होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. यल्लाप्पाच्या माणसांना पहारी काढायलाही वेळ मिळाला नाही, एक पहार वाळूत रुतून राहिली ती राहिलीच. अण्णांनी नारळ फोडला, गूळखोबरं वाटलं, ऑफिसातल्या दोघांना मुद्दाम घरी आणून विहीर दाखवली. सगळे आत वाकून बघत होते आणि ‘वा’ म्हणत होते. पिऊन कुणी बघितलं नाही. पाहुण्यांना द्यायचा चहा आईने त्याच पाण्याचा टाकला होता. दूध घातल्याबरोबर तो फाटला. आईने दुधाला नावं ठेवून दुसरा केला, तोही फाटला, आणि पाहुण्यांना शेवटी कोकम सरबत मिळालं, माठातल्या जुन्या पाण्याचं.

संध्याकाळी डाळ शिजेना. दोन तास चूल पेटती होती. दाणा न दाणा वेगळा, टणक, पाण्यात खड्यांसारखा खुळखुळत होता. आईने एक दाणा दाताखाली धरला, मग पाण्याचं बोट जिभेला लावलं आणि मला म्हणाली, ‘शकू, हंडे घास. उद्यापासून गावच्या विहिरीवर.’ एवढंच. पण तिने ते अशा आवाजात म्हटलं की मी जूनचा हिशेब पुन्हा मांडायला लागले.

अण्णांचं म्हणणं, नवी विहीर अशीच असते, दोन-तीनदा उपसा झाला की निवळेल. तीनदा उपसली. प्रत्येक उपशागणिक पाणी अधिक खारं झालं. साबणाची वडी झिजायची पण फेस येत नव्हता. तुळस करपली. अण्णांना मात्र रोज सकाळी पाणी कालच्यापेक्षा बरं लागत होतं. आई त्यांच्याशी वाद घालत नव्हती. ती त्यांना रोज विहिरीच्या पाण्यातली आमटी वाढत होती, आणि ते खात होते.

मला मात्र रोज सात खेपा घालायच्या होत्या, म्हणून मला विहिरीचा खरेपणा हवा होता, अभिमान नको होता. पोहऱ्याच्या दोराला मी वीतभर अंतरावर गाठी मारल्या आणि दिवसातून चारदा पाणी कुठल्या गाठीला लागतं ते कोळशाने भिंतीवर मांडू लागले. आठवड्याने दिसलं की कुणी पोहरा न टाकताही पाणी दोन-अडीच गाठी चढतं आणि उतरतं, आणि चढायची वेळ रोज थोडी पुढे सरकते. मी जानकीबायला भिंतीशी आणून ते दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, रेघा मात्र लगेच कळल्या.

‘ही भरती,’ तिने बोट ठेवलं. ‘ही व्होट. ही बग, उधानाची. तुजा बापूस पानी आनाया गेला नि दर्याच घेऊन आला घरी!’ ती पोट धरून हसली. मी हसले नाही ते बघून थांबली. ‘तोंड नुको पारू गो. बूर फुटलं तं बूर घालाचं.’

तिने सांगितलं ते सरळ होतं. जी चिकण काढली तीच परत घालायची. मिठागरात खाडीचं पाणी आत घेण्याआधी वाफ्यांचा तळ पायांनी चोप चोप चोपतात, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही. इथे खालचं वर येऊ द्यायचं नाही, इतकाच फरक. पण दिवस नेमका धरायला हवा. अमावस्या-पुनवेला उधाण, तेव्हा खालून असा जोर येतो की माती टिकणार नाही. अष्टमीला भरती मेलेली असते, तिला मिठागरातले लोक ‘भांग’ म्हणायचे. भांगाच्या दिवशी, दुपारच्या ओहोटीला सुरुवात करून भरती चढायच्या आत संपवायचं. ‘आनि मंग ततं उपसा करायचा नाय. कलशी-कलशीने न्यायचं, सायीवानी. लोभ केला का परत खारं.’

आमच्या त्या प्लॉटवर आता चार मजली इमारत आहे, आणि तळमजल्यावर मीही राहते. गेल्या उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी यायला लागलं तेव्हा सोसायटीने बोअर मारायचं ठरवलं. मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं की इथे खाली निळी चिकण आहे, तिच्या खाली जाऊ नका. सेक्रेटरी भला मुलगा आहे. म्हणाला, ‘काकू, आता मशीन असतं.’ मशीन तीन दिवस धडधडलं. पाणी भरपूर लागलं, पेढे वाटले गेले. ते पाणी आता फक्त संडासाला वापरतात, आणि नळ हिरवे पडून महिन्याला बदलावे लागतात. मी पेढा खाल्ला होता, म्हणून पुढे काही बोलले नाही.

तर ज्येष्ठातली अष्टमी बुधवारी येत होती. अण्णा सकाळच्या गाडीने जात ते संध्याकाळी सहाला परतत. मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर म्हणाली, ‘चिकण पुरेल?’

‘सगळी आहे. एक पाटीसुद्धा वापरली नाही.’

‘मग घाला.’

‘अण्णांना सांगायचं?’

‘सांगू की. झाल्यावर.’

चिकण दोन दिवस आधी भिजत घातली. बुधवारी जेवणं लवकर उरकून जानकीबाय आणि तिच्या दोन्ही सुना लुगडी खोचून आल्या. आधी दोन पोहऱ्यांनी उपसा. पाणी खाली खाली जात राहिलं आणि दुपारी एकच्या सुमाराला तळाची काळी वाळू दिसली, तिच्यातून बुडबुडे येत होते. खाली उतरायला हलकं माणूस हवं, म्हणून जानकीबाय आणि मी. आई काठावर बसून चिकणीचे गोळे करत होती. कंबर वाकवायची नाही, हात चालवायचे, हे काम तिला जमत होतं. सुना आलटून पालटून उपसायच्या आणि गोळे सोडायच्या. खाली आधी मुरमाचे दगड बसवले, मग चिकण. गोळा टाकायचा, टाचेने दाबायचा, शेजारी दुसरा. ‘टाच, टाच!’ जानकीबाय ओरडायची. ‘नाचतंस काय, लगनाला आलंस? टाच मार!’ आत वास यायचा तो खाडीचाच, कुजक्या शेवाळाचा. वर बघितलं की आकाशाचा ताटाएवढा गोल आणि त्यात आईचं डोकं.

पाच वाजेतो तळ भरला होता, एक कोपरा सोडून. तिथून पाणी थांबेना. गोळा टाकला की क्षणभर दबायचं आणि कडेने फुटायचं. वर एक सून पूर्ण दमली होती, तिच्या तळहातांची सालं निघाली होती. पोहरा यायला वेळ लागायला लागला. पाणी माझ्या पोटऱ्यांना लागलं. जानकीबायने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. ‘भरती लागली. आता र्‍हायलं तं सगलं उकलंल.’ पुढचा भांग पंधरा दिवसांनी होता. तोवर पाऊस पडणार होता, शाळा उघडणार होती, आणि मी बांधावर असणार होते. मी त्या कोपऱ्यावर दोन्ही टाचा रोवून उभी राहिले आणि ओरडले, ‘आई, पोहरा! लवकर!’

त्याच वेळी वरच्या गोलात अण्णांचं डोकं आलं. टोपी, कोट, बगलेत छत्री; म्हणजे सहा वाजून गेले होते. त्यांनी खाली बघितलं. मग कुंपणाकडे बघितलं असणार, कारण त्यांना पहिल्यांदा चिकण नाहीशी झालेली दिसली.

‘हे काय चाललंय? कुणी सांगितलं हे?’

‘डाळीने,’ आई म्हणाली.

पाणी माझ्या गुडघ्याला आलं. आपल्या हाताने खणवलेली विहीर आपल्या घरची माणसं बुजवताहेत, हे बघून माणूस काय करेल ते मला सांगता येत नव्हतं. मी वर बघायचं सोडलं आणि टाचा दाबून धरल्या. जानकीबायने वर तोंड करून म्हटलं, ‘भाऊ, बोलायचं मागनं बोला. आता वरायला मानूस नाय.’

छत्री जमिनीवर पडल्याचा आवाज आला. नंतर पोहरा आला, रिकामा, भिंतीला आपटत, आणि भरताक्षणी असा वर गेला की मी चकित झाले. अण्णा माणदेशातले. सात परसांवरून पाणी ओढत वाढलेला माणूस. एका सुनेला जे तीन दमांत व्हायचं ते त्यांच्या एका दमात होत होतं. पाणी गुडघ्यावरून पोटरीला आलं, पोटरीवरून घोट्याला. त्या कोपऱ्यात आम्ही शेवटचे अकरा गोळे घातले आणि जानकीबाय त्यावर आपल्या त्या मिठाच्या पायांनी अर्धा तास नाचली; या खेपेला ती नाचलीच. कोपरा बसला. अण्णांनी मला दोराने वर काढलं. त्यांचा शर्ट चिखलाने भरला होता. ते जानकीबायला एवढंच म्हणाले, ‘बाई, दर्या आत्ता दिसला.’

भिंतींमधून गोडं पाणी झिरपून यायला दिवस लागले. पहिलं पाणी उपसून टाकलं, दुसरंही. आई रोज मूठभर डाळ वेगळ्या वाटीत शिजत ठेवायची. पहिले काही दिवस खडे. मग कच्ची. मग अर्धवट. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर अण्णा चुलीपाशी येऊन वाटीत बघून जात. शाळा उघडली त्या दिवशी मी बांधावरून पाणी आणत होते. वर्गातल्या मुली ओळीने जाताना दिसल्या. मी ओढ्याच्या बाजूने वळून आले, लांब पडलं तरी.

त्यानंतर दोन दिवसांनी आईने वेगळी वाटी ठेवलीच नाही. सगळ्यांची डाळ विहिरीच्या पाण्यात टाकली. पानात वाढली तेव्हा ती भातावरून ओघळून ताटभर पसरली. अण्णांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि पुन्हा वाढ म्हणून ताट पुढे केलं. मग मला विचारलं, ‘शाळा कधी उघडतेय?’

‘उघडली. परवा.’

‘मग परवा का नाही गेलीस?’

‘पाणी भरत होते.’

त्यांनी भात कालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा विहिरीची कप्पी करकरत होती आणि घरातल्या पाच हंड्यांपैकी तीन भरून ओट्यावर मांडलेले होते. अण्णांच्या गाडीची वेळ झाली होती, ते निघून गेले. उरलेले दोन मी भरले, कळशी-कळशीने, सायीसारखे, आणि शाळेत गेले.